परवचा ते फळा : सातारा-सांगलीत मोठ्याने म्हटलेल्या गणिताचा इतिहास

१/ सप्टेंबर १८७५. तत्कालीन सातारा जिल्ह्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यातील कोकरूड गावात जमाव सावकारीच्या दप्तरावर चालून गेला. त्याला हवे होते ते कर्जरोखे. ते हाती लागताच जाळण्यात आले. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सुरू झालेल्या 'दख्खनच्या दंग्यां'ची झळ अशी सह्याद्रीच्या पायथ्यापर्यंत पोहोचली.

२/ रोखे जाळले जात होते, कारण ऋणको शेतकऱ्यांपैकी बहुतेकांना ते वाचता येत नव्हते आणि त्यांतील व्याजाची आकारणी पडताळता येत नव्हती. त्याच मुलखात असंख्य मुले रोज सायंकाळी साडेतीनपर्यंतचे पाढे तालासुरात म्हणत होती. एकाच गावात एका घरी गणित जिभेवर आणि दुसऱ्या घरी त्याचा मागमूस नाही, असे का झाले? हा धागा त्या प्रश्नाचा मागोवा घेतो.

३/ प्रथम नकाशा. आजचे सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे बऱ्याच अंशी एकाच जुन्या जिल्ह्यातून निघाले. संस्थाने विलीन झाल्यावर १९४९ मध्ये उत्तर सातारा व दक्षिण सातारा अशी विभागणी झाली आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याला सांगली हे नाव मिळाले. कोकरूड आज सांगलीच्या शिराळा तालुक्यात आहे. म्हणून एकोणिसाव्या शतकातील या कथेत दोन्ही जिल्हे एकत्रच येतात.

४/ इंग्रजी अमलाच्या आरंभी गावोगाव पंतोजींच्या शाळा होत्या. इमारत नसे. देवळाची ओसरी किंवा एखाद्या वाड्याची पडवी पुरे. लाकडी फळीवर धूळ पसरून मुले बोटाने किंवा काडीने आकडे गिरवीत. छापील पुस्तक नव्हते, म्हणून शिकलेले सारे स्मरणात साठवावे लागे. पंतोजींचा चरितार्थ पालकांनी दिलेल्या धान्यावर आणि किरकोळ रकमेवर चाले.

५/ या शिक्षणाचा कणा म्हणजे परवचा. दिवस मावळताना मुले एकत्र उभी राहत. एक जाणता मुलगा ओळ म्हणे, बाकीचे तीच ओळ एका सुरात परत म्हणत. पाढे, तिथी, वार, महिने, स्तोत्रे असा क्रम लागे. ज्याचे पाठांतर कच्चे, त्याचा सूर अडखळे आणि ते सर्वांना ऐकू येई. पंतोजी मध्येच थांबवून एखाद्याला पुढची ओळ विचारीत. रोजची छोटी परीक्षा आणि रोजचा छोटा प्रयोग एकाच वेळी पार पडत असे.

६/ पाढ्यांचा आवाका आज आश्चर्यकारक वाटतो. पूर्ण अंकांच्या पाढ्यांनंतर अपूर्णांकांचे पाढे येत. पावकी म्हणजे पावाचा पाढा, निमकी अर्ध्याचा, पाऊणकी पाऊणचा, सवायकी सव्वाचा, दिडकी दीडचा, अडीचकी अडीचचा आणि औटकी साडेतीनचा. 'औट' म्हणजे साडेतीन. सात औटे किती, या प्रश्नाला दहा वर्षांचा मुलगा क्षणात साडेचोवीस असे उत्तर देई.

७/ हे पाठांतर हौशीचे नव्हते. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे. मणाचे चाळीस शेर, खंडीचे वीस मण. अशा जगात सगळा व्यवहार पाव, अर्धा आणि पाऊण यांतच चाले. सव्वा रुपया शेर दराने साडेतीन शेर तुपाचे किती, हे सवायकी येणाऱ्याला तोंडी सांगता येई. बाजारपेठ हीच त्या पाढ्यांची जननी होती.

८/ आता तेच पाढे कर्जाला लावून पाहू. ७५ रुपये कर्ज, व्याज दरमहा शेकडा २ रुपये. एका महिन्याचे व्याज दीड रुपया. दिडकीची बारावी ओळ अठरावर संपते, म्हणजे वर्षाचे व्याज १८ रुपये. सरळ व्याजाने तीन वर्षांचे देणे १२९ रुपये होते. मात्र दरवर्षी व्याज मुद्दलात मिळवून रोखा नवा केला, तर तेच देणे सुमारे १४३ रुपयांवर जाते.

९/ चौदा रुपयांचा हा फरक कागदावर कोठेही स्वतंत्रपणे लिहिलेला नसे. तो नव्या रोख्याच्या रकमेत मुरलेला असे. दिडकी येणाऱ्या घराला तो लगेच जाणवे. ती न येणाऱ्या घराला तो काही वर्षांनी, जमीन गहाण पडल्यावर जाणवे. परवचा कोणाच्या अंगणात होतो आणि कोणाच्या नाही, याला म्हणूनच फार मोठा अर्थ होता.

१०/ या शाळांची गुणवत्ता परकीयांच्याही नजरेत भरली होती. मुंबई सरकारच्या कौन्सिलचे सदस्य प्रेंडरगास्ट यांनी १८२१ मध्ये नोंदवले की, इलाख्यात लहानमोठे असे क्वचितच गाव असेल जेथे एकही शाळा नाही. येथील व्यापारी व पेढीवाले ज्या सफाईने हिशेब ठेवतात ती ब्रिटिश व्यापाऱ्यांच्या तोडीची आहे, असेही त्यांचे मत होते.

११/ याच सुमारास एक भारतीय पद्धत इंग्लंडमध्ये गाजत होती. मद्रास येथील अनाथ मुलांच्या शाळेचे अधीक्षक अँड्र्यू बेल यांनी तेथील देशी शाळेत मुलांना वाळूवर अक्षरे गिरवताना पाहिले. पुढे त्यांनी मोठ्या मुलांनी लहानांना शिकवण्याची पद्धत आपल्या शाळेत राबवली आणि १७९७ मध्ये लंडनला तिचे वर्णन प्रसिद्ध केले. 'मद्रास पद्धत' या नावाने ती ब्रिटनभर पसरली. परवचा सांगणारा जाणता मुलगा या पद्धतीत परका वाटला नसता.

१२/ तरीही पंतोजींच्या शाळेचे गोडवे गाताना दोन गोष्टी विसरता येत नाहीत. पहिली म्हणजे छडी. आणि तिच्यासोबतचे निव्वळ पाठांतर : पाढा येई, पण तो तसाच का येतो हे बहुधा कोणी सांगत नसे. दुसरी अधिक गंभीर. मुलींना आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींच्या मुलांना त्या ओसरीवर जवळजवळ जागाच नव्हती. कुणब्यांची मुलेही थोडीच पोहोचत. परवचा कानावर पडणे वेगळे आणि त्यात उभे राहणे वेगळे.

१३/ लोकांसमोर म्हणण्याची ताकद किती, हे याच प्रदेशाने दुसऱ्या क्षेत्रात दाखवून दिले. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगली येथे, चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयाने, विष्णुदास भावे यांनी 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणले. तोच दिवस आज मराठी रंगभूमी दिन आहे. सूत्रधाराने पदे म्हणून कथा पुढे न्यावी आणि पात्रांनी बरेचसे उत्स्फूर्त बोलावे, अशी ती रचना होती.

१४/ शिक्षणाचा प्रश्न रंगमंचाच्या भाषेत प्रथम मांडला तो जोतीराव फुले यांनी. त्यांचे मूळ गाव साताऱ्यातील कटगुण, तर सावित्रीबाईंचे माहेर साताऱ्यातीलच नायगाव. १८५५ मध्ये जोतीरावांनी 'तृतीय रत्न' हे नाटक लिहिले. त्यात जोशी एका गरीब शेतकरी दांपत्याला ग्रहांची भीती घालून खर्चात पाडतो आणि अखेर ते दांपत्य रात्रीच्या शाळेत जाण्याचा निर्णय घेते. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारले.

१५/ फुले दांपत्याचे कार्यक्षेत्र पुणे होते. तेथे १८५२ मध्ये त्यांच्या मुलींच्या शाळांची जाहीर परीक्षा झाली आणि ती पाहण्यास लोक लोटले. निमंत्रितांसमोर तोंडी परीक्षा घेण्याची त्या काळी प्रथा होती. मुलींनी शिकूच नये असे मानणाऱ्या शहरात मुलींनी सर्वांदेखत उत्तरे देणे, हे कोणत्याही लेखी अहवालापेक्षा परिणामकारक होते. परीक्षा हाच येथे प्रयोग झाला होता.

१६/ मात्र परीक्षेचे दुसरे रूपही याच काळात आकाराला येत होते. इंग्लंडमध्ये १८६२ च्या सुधारित नियमावलीने शाळेचे अनुदान मुलांच्या वाचन, लेखन आणि अंकगणिताच्या निकालाशी बांधले. मुंबई इलाख्यातही त्याच दशकात खाजगी शाळांसाठी निकालानुसार अनुदानाची पद्धत आली. वर्षातून एकदा डेप्युटी इन्स्पेक्टर तपासणीला येत. गावच्या बोलीत त्यांचे 'दिपोटी' झाले.

१७/ दिपोटी येणार म्हणजे शाळा सारवून काढायची, मुलांना धुतलेले कपडे घालायला लावायचे आणि ठरावीक उदाहरणे घोकून घ्यायची. परवचात चूक झाली तर दुसऱ्या दिवशी सुधारता येई. दिपोटीसमोर झालेली चूक वर्षभर पुरे. एका दिवसावर एवढा भार पडला की गणिताची गोडी जाऊन धास्ती उरते. इंग्लंडनेही ही पद्धत १८९० च्या दशकात टप्प्याटप्प्याने सोडून दिली.

१८/ इकडे दंग्यांच्या चौकशीनंतर १८७९ मध्ये दख्खनचा शेतकरी साहाय्य कायदा आला. तो पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या जिल्ह्यांना लागू झाला. न्यायालयाने कर्जाचा आरंभापासूनचा हिशेब तपासावा, रोखे गावच्या निबंधकासमोर व्हावेत अशा तरतुदी त्यात होत्या. हिशेब मोठ्याने मांडण्याची सक्ती आता सावकारावर आली. पण तो ऐकून समजणारा शेतकरी अजून घडायचा होता.

१९/ म्हणूनच १८८२ मध्ये हंटर आयोगापुढील निवेदनात जोतीरावांनी प्राथमिक शिक्षणाचा आग्रह धरताना अभ्यासक्रमही सुचवला. मोडी व बालबोध लेखन-वाचन आणि शेतीचे प्राथमिक ज्ञान यांच्या जोडीला त्यात हिशेबाला स्थान होते. मोडीचा समावेश सूचक होता. रोखे आणि वह्या मोडीतच लिहिल्या जात.

२०/ ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी इंग्रजी शाळेत एका मुलाचे नाव दाखल झाले. हा मुलगा म्हणजे भीमराव आंबेडकर. शाळेत त्यांना वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे. पुढे मुंबईच्या एल्फिन्स्टन हायस्कुलात शिक्षकांनी त्यांना फळ्यावर उदाहरण सोडवण्यास बोलावले. तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले जेवणाचे डबे विटाळतील म्हणून सवर्ण मुलांनी एकच गलका करून डबे हलवले, अशी हकीकत धनंजय कीर यांच्या चरित्रात आहे.

२१/ गणिताच्या इतिहासात हा प्रसंग ध्यानात ठेवण्याजोगा आहे. वर्गासमोर उभे राहून उदाहरण सोडवणे हा विद्यार्थ्याचा सर्वांत साधा जाहीर प्रयोग. त्यासाठी गणित येणे पुरेसे नव्हते. फळ्यापर्यंत जाण्याचा हक्क आधी मिळावा लागत होता.

२२/ तो हक्क गावोगाव सांगण्याचे काम विसाव्या शतकाच्या आरंभी सत्यशोधक जलशांनी केले. तमाशाचा ओळखीचा ढाचा घेऊन त्यातला आशय बदलण्यात आला. ढोलकी, तुणतुणे तेच. सवालजवाब मात्र सावकारी, खर्चिक लग्ने, कर्मकांड आणि मुलांची शाळा यांवर. खर्चाचा हिशेब पात्रे एकमेकांना विचारीत आणि प्रेक्षक हसता हसता आपल्या घरचा हिशेब मनात मांडीत. सातारा आणि कोल्हापूर हे या जलशांचे भक्कम प्रदेश होते.

२३/ याच सत्यशोधक वातावरणात, कराड तालुक्यातील काले येथे, ४ ऑक्टोबर १९१९ रोजी भाऊराव पाटील यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांचे घराणे आजच्या सांगली जिल्ह्यातील ऐतवडे बुद्रुकचे. १९२४ मध्ये संस्थेचे ठाणे साताऱ्यास आले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एकत्र राहत व जेवत. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहू महाराजांचे नाव देण्यात आले.

२४/ स्वयंपाक, शेती, बांधकाम ही कामे मुलेच करीत. कमवा आणि शिका या तत्त्वाने चालणाऱ्या घरात मण, शेर, आणे, पै हे रोजचे विषय होते. १९३५ मध्ये साताऱ्यात ग्रामीण शिक्षक घडवणारे विद्यालय उभे राहिले आणि त्यापाठोपाठ खेड्यांत व्हॉलंटरी शाळांचे जाळे विणले गेले. ज्या घरांच्या वाट्याला परवचा आला नव्हता, त्या घरांतील मुलेच आता मास्तर होऊन परवचा सांगू लागली. पंतोजींच्या पद्धतीतील उणीव भरून काढणारा हा सर्वांत मोठा बदल होता.

२५/ शाळेच्या बाहेर राहिलेल्यांपर्यंत मात्र रंगमंचच पोहोचत होता. सांगली जिल्ह्यातील वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत जेमतेम दीड दिवस गेले, असे सांगितले जाते. १९४४ मध्ये त्यांनी अमर शेख व गवाणकर यांच्यासह लाल बावटा कलापथक उभे केले. या पथकाने मजुरी, महागाई, काळाबाजार हे विषय लोकनाट्यातून मांडले. वर्गाबाहेरच्या माणसाला आकड्यांचे राजकारण समजावण्याचे काम ढोलकीने केले.

२६/ स्वातंत्र्यानंतर पाढ्यांच्या पायाखालची जमीनच बदलली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. पुढील काही वर्षांत शेर-मण जाऊन किलो-क्विंटल आले. दशमान पद्धतीत औटकी आणि अडीचकी यांची गरज उरली नाही. ती नाणी आणि ती मापे गेली, तसे ते पाढेही एका पिढीत ओसरले. काही घरांतील आजी-आजोबांच्या जिभेवर ते तेवढे राहिले.

२७/ पाढे गेले याची खंत करण्याचे कारण नाही. खंत करावी ती दुसऱ्या गोष्टीची. त्यांच्याबरोबर रोज थोडे, मोठ्याने, सर्वांसमोर आणि दुसऱ्या दिवशी सुधारण्याची मुभा ठेवून गणित करण्याची सवयही गेली. मागे उरली ती दिपोटीची वारसदार असलेली वार्षिक परीक्षा, तिचे गुण आणि तिची भीती.

२८/ या सवयीकडे परतण्याचा एक उल्लेखनीय प्रयत्न सातारा जिल्ह्यातच झाला. कुमठे बीटमधील जिल्हा परिषद शाळांत विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तेथील शिक्षकांनी ज्ञानरचनावादी पद्धत राबवली. वर्गाच्या फरशीवर आकृत्या रंगवल्या, मण्यांच्या माळा आणि काड्यांचे गठ्ठे मुलांच्या हाती दिले, मुलांना गटांत बसवले. दशक म्हणजे दहा काड्यांचा गठ्ठा, हे मूल स्वतः बांधून पाहू लागले. २०१५ च्या सुमारास राज्यभरातील शिक्षक या शाळा पाहण्यास येत.

२९/ परवचाशी याची तुलना केली तर साम्य आणि भेद दोन्ही दिसतात. मूल येथेही सर्वांसमोर करून दाखवते, सोबत्याला समजावते आणि चूक जागच्या जागी कळते. भेद असा की, येथे पाठांतराआधी अर्थ येतो आणि छडी नाही. शिवाय गोलात मुली आहेत आणि सर्व जातींची मुले आहेत.

३०/ २२ जून २०१५ रोजी शासनाने 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम जाहीर केला. त्यात भाषा आणि गणिताच्या पायाभूत चाचण्यांचा समावेश होता. मूल कोठे अडले आहे ते वेळीच कळावे, हा त्यामागचा हेतू. हेतू जपला तर छोटी चाचणी परवचासारखी उपयोगी पडते. तिचे आकडे शाळांची क्रमवारी लावण्यासाठी वापरले, तर तिचा दिपोटी होण्यास वेळ लागत नाही. एकोणिसाव्या शतकाने दोन्ही शक्यता दाखवून ठेवल्या आहेत.

३१/ कोकरूडला जाळलेल्या रोख्यांपासून कुमठ्याच्या फरशीपर्यंतचा हा प्रवास सुमारे एकशे चाळीस वर्षांचा आहे. या काळात नाणी बदलली, मापे बदलली, लिपीही बदलली. न बदललेली गोष्ट एवढीच की, स्वतःचा हिशेब चारचौघांत मोठ्याने मांडता येणाऱ्या माणसाला फसवणे कठीण जाते. एखाद्या खेड्यातील शाळेत सात-आठ वर्षांची मुलगी फळ्यापाशी उभी राहून बेरीज समजावून सांगते, तेव्हा तिच्यामागे हा सारा इतिहास उभा असतो.

(धागा समाप्त)